मिठाची पिशवी, पिठाचं गाठोडं आणि एक 'नाही'

 

आज आपण एका लढाईची गोष्ट ऐकणार आहोत. लढाई म्हटलं की डोळ्यांपुढं बंदुका, रणगाडे, विमानं येतात. आजच्या गोष्टीत तेही आहे. पण या गोष्टीच्या मधोमध आहे एक भाजीबाजार. आणि त्या बाजारात जमलेल्या, तुमच्या-माझ्यासारख्या घर चालवणाऱ्या बायका. गोष्ट खरी आहे. ऐंशी वर्षांपूर्वीची, इटली देशातली.

इटली युरोपात आहे. नकाशात बघितलं तर समुद्रात पाय सोडून बसलेल्या उंच बुटासारखा दिसतो. त्याच्या पश्चिम किनाऱ्याला, वरच्या अंगाला एक शहर आहे, कारारा. एका बाजूला समुद्र आणि पाठीशी आपुआन नावाचे डोंगर. हे डोंगर भर उन्हाळ्यातही लांबून पांढरे दिसतात. नव्या माणसाला वाटतं बर्फ पडलाय. तो बर्फ नाही, संगमरवर आहे. आपल्याकडं जसं मकराण्याच्या दगडाचं नाव, तसं जगात काराराच्या दगडाचं नाव. दोन हजार वर्षांपासून तिथं खाणी चालू आहेत. मायकेलअँजेलो नावाचा जगप्रसिद्ध शिल्पकार स्वतः तिथं जाऊन मूर्तीसाठी दगड निवडायचा.

दगड सुंदर, पण तो काढणाऱ्याचं जगणं खडतर. यंत्रं येण्याआधी अवजड शिळा दोरांनी बांधायच्या, खाली साबण चोपडलेले लाकडी ओंडके टाकायचे आणि त्यावरून त्या उतारानं घसरवत खाली आणायच्या. दोर तुटला की माणूस गेला. सकाळी खाणीवर गेलेला नवरा संध्याकाळी परत येईलच याचा घरच्या बाईला भरवसा नसायचा. म्हणूनच या गावात कामगारांची एकी जुनी. गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथल्या खाणकामगारांनी संप करून कामाचा दिवस साडेसहा तासांचा करून घेतला होता. सांगायचं कारण एवढंच, की चुकीच्या गोष्टीला एकत्र मिळून 'नाही' म्हणायचं असतं, हे या गावाला ठाऊक होतं.

आता जरा त्या काळाकडं वळू. १९२२ पासून इटलीत मुसोलिनी नावाच्या हुकूमशहाचं राज्य होतं. त्याच्या पक्षाला फॅसिस्ट म्हणत. विरोधात बोलायचं नाही, लिहायचं नाही, संघटना करायची नाही. बायकांनी काय करायचं? घर सांभाळायचं आणि देशासाठी खूप मुलं जन्माला घालायची. मतदानाचा हक्क त्यांना नव्हताच. १९४० मध्ये मुसोलिनीनं जर्मनीच्या हिटलरच्या बाजूनं देशाला दुसऱ्या महायुद्धात ओढलं. मुलं लढाईवर गेली, धान्य रेशनवर गेलं.

तीन वर्षांत लोक आणि देश दोन्ही थकले. जुलै १९४३ मध्ये इंग्रज आणि अमेरिकन फौजा दक्षिणेला सिसिली बेटावर उतरल्या. त्याच महिन्यात २५ तारखेला राजानं मुसोलिनीला पदावरून काढलं. ८ सप्टेंबरला संध्याकाळी रेडिओवरून जाहीर झालं की इटलीनं युद्ध थांबवलं आहे. लोक रस्त्यावर येऊन नाचले. वाटलं, संपलं सगळं.

पण खरं संकट तिथूनच सुरू झालं. कालपर्यंत मित्र म्हणवणारं जर्मन सैन्य आता मालक होऊन बसलं. उत्तर आणि मध्य इटलीचा ताबा त्यांनी घेतला. इटलीच्या सहा लाखांहून जास्त सैनिकांना पकडून जर्मनीच्या छावण्यांमध्ये नेलं. मुसोलिनीला कैदेतून सोडवलं आणि उत्तरेत त्याचं नावापुरतं सरकार बसवलं. त्या सरकारनं फर्मान काढलं, तरुण मुलांनी पुन्हा सैन्यात भरती व्हायचं. नाही झालात तर गोळी घालू. मुलांनी काय करावं? पुष्कळांनी डोंगर गाठला.

डोंगरात राहून जर्मनांशी आणि फॅसिस्टांशी लढणाऱ्या या लोकांना तिकडं पार्टिझान म्हणतात. काराराच्या डोंगरात त्यांना लपायला खाणी होत्या, चोरवाटा माहीत होत्या, आणि सुरुंग कसा लावायचा हे खाणकामगाराला कुणी शिकवायला नको. पण एक सांगा मैत्रिणींनो, डोंगरावरच्या शंभर पोरांना रोज जेवायला काय? पायात घालायला काय? जखम झाली तर पट्टी कुठली? आणि खाली गावात किती सैनिक आले, कुठल्या वाटेनं निघाले, हे वर कोण सांगणार?

हे सगळं बायकांनी केलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये मिलान शहरात बायकांची एक संघटना सुरू झाली. तिच्या नावाचा अर्थ आपल्या भाषेत 'स्त्री-संरक्षण गट' असा होईल. गावोगाव, गल्लोगल्ली तिचे गट झाले. वेगवेगळ्या पक्षांच्या बायका त्यात होत्या, चर्चला जाणाऱ्या होत्या, कुठल्याच पक्षात नसलेल्याही होत्या. कपडे शिवायचे, मोजे विणायचे, औषधं जमवायची, घरात माणूस लपवायचा, चोरून पत्रकं वाटायची. आणि सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे निरोप पोचवायचा. सायकलवर किंवा पायी, टोपलीत भाजीखाली नाहीतर कपड्यांत चिठ्ठी लपवून, तपासणी नाक्यावरून चेहऱ्यावर काही न दाखवता पुढं जायचं. पकडली गेली तर मारहाण, कैद, जिवावरचं सगळंच. असं काम करणाऱ्या बाईला तिकडं 'स्टाफेत्ता' म्हणत.

आता येऊ जुलै १९४४ मध्ये. ४ जूनला रोम शहर मोकळं झालं होतं. जर्मन सैन्य मागं हटत होतं आणि पुढची मोठी अडवणूक कुठं करायची हे त्यांनी ठरवलं होतं. देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, डोंगर ओलांडत जाणारी सुमारे ३०० किलोमीटरची संरक्षक फळी ते उभारत होते. खंदक, सुरुंग, तोफांच्या जागा. तिला गॉथिक लाइन म्हणत. तिचं पश्चिमेचं टोक काराराच्या शेजारीच, मासा गावाच्या बाजूला समुद्राला टेकत होतं. म्हणजे कारारा आता थेट लढाईच्या तोंडावर आलं.

७ जुलै १९४४. काराराच्या भिंतींवर जर्मनांचा आदेश लागला. सगळ्यांनी शहर सोडायचं. दोन दिवसांत, ९ तारखेपर्यंत. जायचं कुठं? तर डोंगरापलीकडं, पार्मा शहराजवळच्या साला बागान्झा नावाच्या गावी. म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर लांब. पोरंबाळं, म्हातारे, आजारी, बाळंतिणी, सगळ्यांनी.

कुणी म्हणेल, लढाईच्या तोंडावरून लोकांना हलवलं तर त्यात वाईट काय? बायकांनी ते बरोबर ओळखलं होतं. शहर रिकामं झालं की घरं लुटली जाणार. वाटेत पुरुषांना बाजूला काढून जर्मनीला नाहीतर खंदक खणायला वेठबिगारीवर नेणार. लांबच्या मुलखात हजारो लोकांना कोण खायला घालणार? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, खाली गाव राहिलं नाही तर वर डोंगरातली पोरं उपाशी मरणार. गाव होतं म्हणून लढाई होती. जर्मनांनाही हेच माहीत होतं.

मग ठरलं, जायचं नाही. पण हे जर्मनांना जाऊन सांगायचं कुणी? पुरुष रस्त्यावर आले असते तर जागच्या जागी पकडले गेले असते. म्हणून बायका पुढं झाल्या. स्त्री-संरक्षण गटाच्या बायकांनी घरोघर निरोप फिरवले. जमायचं ठिकाण ठरलं पियाझ्झा देल्ले एर्बे. या नावाचा अर्थ 'भाजीपाल्याचा चौक'. शहराचा भाजीबाजार तो. दुसरीकडं कुठं पन्नास बायका एकत्र दिसल्या असत्या तर संशय आला असता. बाजारात बायका जमल्या तर कुणाला काय वाटणार? हातात पिशवी असली की झालं.

बाजारातून बायका निघाल्या. वाटेत घराघरांतून आणखी बायका येऊन मिळाल्या. कडेवर मूल घेतलेल्या, तरुण पोरी, म्हाताऱ्या. सगळ्या मिळून गारिबाल्डी रस्त्यावरच्या जर्मन लष्करी कचेरीपुढं गेल्या. आम्ही शहर सोडणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. समोर हत्यारबंद सैनिक. या बायकांच्या हातात काही नाही. हे एका दिवसात मिटलं नाही. ७ ते ११ जुलैच्या त्या दिवसांत काराराच्या बायका हटल्या नाहीत. काहींना पकडलं, धमकावलं. तरी त्या परत परत आल्या. आणि शेवटी जर्मनांना आदेश मागं घ्यावा लागला. कारारा रिकामं झालं नाही.

या बायकांच्या पुढाऱ्यांपैकी एक होती फ्रान्चेस्का रोल्ला. म्हातारपणीही ती ही आठवण लोकांना सांगत असे. पण बाकीच्या शेकडो जणींची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत. भाजी विकणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, खाणकामगारांच्या बायका, आया, बहिणी.

इथं थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या मातीशी जोडलेली आहे. त्याच आठवड्यात, १० जुलै १९४४ ला, काराराहून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटरवर, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपला एक मराठी माणूस लढत होता. नाईक यशवंत घाडगे, वय बावीस-तेवीस, कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान. अगदी जवळून मशिनगनचा मारा आला आणि त्याच्या तुकडीतले बाकी सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. तो एकटा उरला. एकट्यानं त्या मशिनगनवर धावून जाऊन त्यानं ती बंद पाडली, आणि मग लपलेल्या शत्रूच्या गोळीनं तो गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च किताब मिळाला. तो किताब घ्यायला आली ती त्याची तरुण विधवा. इटलीत त्या लढाईच्या जागेजवळ, मोन्तोने गावात, २०२३ मध्ये त्याच्या नावानं सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारलं गेलं.

इटलीच्या लढाईत पाच हजारांहून जास्त हिंदुस्थानी सैनिक कामी आले. रायगड, सातारा, नगर, रत्नागिरीकडच्या घरांमधून गेलेली पोरंही त्यात होती. आपला देश तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि ही पोरं दुसऱ्याच्या देशाच्या सुटकेसाठी लढत होती. केवढा विचित्र काळ तो! आणि घरी? घरी त्यांच्या बायका शेत राखत होत्या, मनीऑर्डरची वाट बघत होत्या. त्यांची गोष्ट आपण तरी कुठं लिहून ठेवली?

आता परत काराराकडं जाऊ. बायकांनी शहर राखलं खरं. पण राखलेल्या शहरात खायचं काय? सप्टेंबरमध्ये शेजारचं मासा गाव जर्मनांनी रिकामं केलं आणि तिथले हजारो लोक काराराला आले. कारारा उभं होतं म्हणून त्यांना टेकायला जागा मिळाली. पण खाणारी तोंडं वाढली. डोंगराळ मुलूख, शेती थोडी. गरिबाचं पीठ तिकडं चेस्टनट नावाच्या डोंगरी फळाचं. तेही पुरेना.

मग बायकांनीच वाट काढली. काराराकडं काय होतं? समुद्र. डोंगरापलीकडच्या पार्माच्या सपाट मुलखात गहू होता, पण मीठ नव्हतं. युद्धात मीठ मिळेनासं झालेलं. आणि मिठाशिवाय मांस टिकत नाही, चीज होत नाही. तेव्हा या बायका समुद्राचं पाणी भांड्यात, पिंपात घालून किनाऱ्यावर चुली पेटवून आटवायच्या. खाली उरलेलं मीठ पिशवीत भरायचं आणि चालू लागायचं. वर चढत चढत हजार मीटरवरची चिझा खिंड ओलांडायची, पलीकडं उतरायचं, शेतकऱ्यांच्या दारात मीठ देऊन पीठ घ्यायचं, आणि ते ओझं घेऊन तोच डोंगर परत चढायचा. जाऊन येऊन दोनशे किलोमीटरच्या वर. कुणी हातगाडी ओढत, कुणी सायकल ढकलत, बऱ्याच जणी पायीच. थंडीत, बर्फात. वरून विमानांचा मारा, वाटेत तपासणी नाके, पीठ हिसकावून घेणारे सैनिक.

पाण्याच्या हंड्यासाठी मैलोन् मैल चालणं काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून मला वाटतं, या बायकांचे पाय किती दुखले असतील ते आपल्याला जास्त कळेल. त्या पिठातून घरातली पोरं जेवली, घरात आश्रयाला आलेली जेवली, आणि डोंगरावरची जेवली.

पण मैत्रिणींनो, ही गोष्ट फक्त जिंकण्याची नाही. खरं तेही सांगितलं पाहिजे. जर्मनांनी आणि त्यांच्या साथीदार फॅसिस्टांनी डोंगरातल्या गावांवर सूड उगवला. १२ ऑगस्ट १९४४ ला सान्तान्ना दि स्ताझ्झेमा या डोंगरी गावात त्यांनी सुमारे ५६० लोकांना मारलं. त्यांतली बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विन्का गावात दीडशेहून जास्त. १६ सप्टेंबरला काराराच्याच बेर्जोला फोस्कालिना या वाडीत सत्तरच्या आसपास, तिथंही बायका आणि मुलंच जास्त. तिथं विन्चेन्झो जुदीचे नावाचा सरकारी अंमलदार पुढं आला. त्याचं म्हणणं होतं, लोकांना सोडा, त्यांच्या जागी मला मारा. त्यांनी त्यालाही मारलं आणि लोकांनाही सोडलं नाही. त्याची बायको आणि मुलंही त्या हत्याकांडात गेली.

काही लोक तेव्हाही म्हणत, आणि आजही म्हणतात, की डोंगरातल्या पोरांनी लढाई केली नसती तर हे झालं नसतं. पण तान्ह्या मुलांनी कुणाचं काय केलं होतं? मारणारा मारायचं ठरवून येतो, तेव्हा दोष मारणाऱ्याचा असतो. आपल्याकडंही अन्याय झालेल्या बाईलाच पहिल्यांदा विचारतात, तू तिथं का गेली होतीस? हा तसलाच प्रश्न.

या हत्याकांडांचा न्यायही वेळेवर झाला नाही. तपासाची कागदपत्रं रोममधल्या एका सरकारी इमारतीत कपाटात कोंडून ठेवलेली होती. १९९४ मध्ये ते कपाट सापडलं. इटलीत त्याला 'लाजेचं कपाट' म्हणतात. सान्तान्नाच्या खटल्यात १० जणांना शिक्षा झाली ती २००५ मध्ये, म्हणजे ६१ वर्षांनी, आणि त्यांतला एकही प्रत्यक्षात तुरुंगात गेला नाही.

तर असा १९४४ चा हिवाळा आला. लोकांना वाटत होतं, आता सुटका होईल, मग होईल. पण मित्रफौजा गॉथिक लाइनपाशी अडकल्या. नोव्हेंबरमध्ये पार्टिझानांनी काही दिवसांपुरतं कारारा ताब्यात घेतलं होतं, पण मदत आली नाही आणि जर्मन परत आले. त्याच नोव्हेंबरच्या १३ तारखेला इंग्रज सेनापती अलेक्झांडर यांनी रेडिओवरून पार्टिझानांना सांगितलं, हिवाळ्यात मोठ्या हालचाली थांबवा, वसंताची वाट बघा. सांगणं सोपं. बर्फातली पोरं कुठं जाणार? ती जगली ती खालच्या घरांच्या आधारानं. त्या डिसेंबरमध्ये आपुआन डोंगराच्या पलीकडच्या सेर्किओ खोऱ्यात आठव्या भारतीय डिव्हिजनच्या तुकड्या आल्या होत्या. डोंगराच्या एका अंगाला मिठाच्या पिशव्या घेऊन निघालेल्या बायका आणि दुसऱ्या अंगाला थंडीत कुडकुडणारे आपले जवान. एकमेकांना कधी भेटले नसतील, पण बर्फ तोच.

एप्रिल १९४५ मध्ये शेवटचा धक्का बसला. ५ तारखेला किनाऱ्याच्या बाजूनं अमेरिकन फौजांनी हल्ला सुरू केला. त्यांच्यात एक पलटण जपानी वंशाच्या अमेरिकन जवानांची होती. त्यांतल्या कित्येकांचे आईवडील त्या वेळी अमेरिकेतच, केवळ जपानी रक्ताचे म्हणून, तारेच्या कुंपणाच्या छावण्यांत डांबलेले होते. तरी ही मुलं लढत होती. मासा मोकळं झालं. ११ एप्रिलला अमेरिकन सैन्य काराराला पोचलं, तेव्हा शहर आधीच पार्टिझानांच्या ताब्यात होतं. काराराची सुटका कारारानं स्वतःच्या हातानं केली होती.

त्याच्या दोनच दिवस आधी, ९ एप्रिलला, पूर्वेकडं सेनिओ नदीवर आपला आणखी एक मराठी जवान गाजला. नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई. दोन जखमी सोबत्यांना त्यानं खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून सुखरूप नेलं आणि मग एकट्यानं तीन मशिनगनच्या जागा बंद पाडल्या. तोही व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी. तो मात्र घरी परत आला.

कारारा सुटलं तरी लांबच्या किनाऱ्यावरच्या जर्मन तोफा आणखी काही दिवस आग ओकत राहिल्या. २ मे १९४५ ला इटलीतलं युद्ध संपलं. इटलीचे लोक २५ एप्रिल हा मुक्तिदिन म्हणून पाळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. युद्ध संपल्यावर हिशोब झाला. कोण लढलं, कुणाला मान, कुणाला प्रमाणपत्र, कुणाला निवृत्तिवेतन. सरकारनं नियम केला की ज्यानं किमान तीन महिने मान्यताप्राप्त तुकडीत राहून हत्यार हातात घेतलं आणि किमान तीन चकमकींत भाग घेतला, तो लढवय्या पार्टिझान. मग जिनं निरोप पोचवला ती? जिनं घरात माणूस लपवला ती? जिनं दोनशे किलोमीटर चालून पीठ आणलं ती? ती या मापात कशी बसणार? सरकारदरबारी सुमारे ३५ हजार बायकांची लढवय्या म्हणून नोंद झाली. स्त्री-संरक्षण गटांत मात्र सुमारे ७० हजार बायका होत्या. आणि कुठल्याच गटात नाव नसताना दार उघडणाऱ्या किती, त्याची मोजदाद नाही. कित्येक जणींनी अर्जच केला नाही. त्यांना वाटलं, आपण काय वेगळं केलं? जेवण केलं, कपडे धुतले, चाललो.

तूरीन शहरात विजयाची मिरवणूक निघाली, तेव्हा काही बायकांना त्यांच्याच सोबत्यांनी सांगितलं, तुम्ही मिरवणुकीत येऊ नका. डोंगरात पुरुषांबरोबर राहिलेल्या बायका, लोक काय म्हणतील? जीव धोक्यात घालताना कुणी विचारलं नव्हतं लोक काय म्हणतील. मिरवणुकीच्या वेळी विचारलं.

तरी एक गोष्ट मात्र बदलली, आणि ती परत फिरवता आली नाही. १ फेब्रुवारी १९४५ ला, उत्तरेत अजून लढाई चालू असतानाच, इटलीतल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला. २ जून १९४६ ला देशभर मतदान झालं. राजा हवा की प्रजासत्ताक, हा प्रश्न होता, आणि लोकांनी प्रजासत्ताक निवडलं. त्याच दिवशी राज्यघटना लिहिणारी सभा निवडली गेली. ५५६ जणांत बायका फक्त २१. थोड्या, पण पहिल्यांदा. भाजीबाजारात उभी राहिलेली बाई आता मतपेटीपुढं उभी होती. हे कुणी दान दिलेलं नव्हतं.

कारारात दरवर्षी जुलैमध्ये त्या दिवसांची आठवण केली जाते. मासा-कारारा जिल्ह्याला देशाचं सुवर्णपदकही मिळालं. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की आज तिथं कुणी इतिहास सांगायला बसलं तर भाजीचा चौक सोडून पुढं जाता येत नाही. हे आपोआप झालं नाही. त्या बायका बोलत राहिल्या, आणि पुढच्या पिढीतल्या मुलींनी वही घेऊन, टेप लावून त्यांचं बोलणं उतरवून घेतलं, म्हणून झालं.

मैत्रिणींनो, काम आपण करतो, पण नोंद कुठं होते? सातबाऱ्यावर बघा, बक्षिसाच्या पाटीवर बघा, गावच्या इतिहासात बघा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका तुमच्या गावात अजून आहेत. दारूबंदीसाठी रात्र रात्र जागलेल्या आहेत. धरणासाठी गाव उठलं तेव्हा चूल डोक्यावर घेऊन निघालेल्या आहेत. त्यांना कुणी विचारलंय, आजी, तेव्हा काय झालं होतं?

तर पुढच्या बैठकीसाठी गटाला एक काम. वाटण्या करून घ्या. प्रत्येकीनं गावातल्या एका म्हाताऱ्या बाईकडं जाऊन तासभर बसायचं. नाव, साल, काय केलं, कुणाबरोबर केलं, ते लिहून घ्यायचं. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर आवाज भरायचा, नाहीतर शाळेतल्या नातीला सोबत न्यायचं. बोलणारी म्हणेल, 'अगं, मी कुठं काय केलंय?' तेवढ्यानं उठून यायचं नाही. काराराच्या बायकाही असंच म्हणत होत्या.

जमलेल्या गोष्टी आपल्या रेडिओ केंद्रावर घेऊन या. तुमच्याच आवाजात आपण त्या ऐकू. तोपर्यंत रामराम, आणि काळजी घ्या.